जीर्णतेचे कारण: काळ की क्रिया?

सस्पेन्शन, म्हणजे चाके आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये राहून रस्त्याचे धक्के सोसणारी यंत्रणा, किती झिजली असेल याचा अंदाज वय आणि धाव या दोन मापांनी केला जातो. त्यातही जुनी गाडी घेताना ‘किती चालली आहे?’ हेच आधी विचारले जात असल्याने, उभ्या गाडीचे काही झिजत नाही, अशी समजूत रूढ झाली आहे. वस्तू जीर्ण होते ती काळाने की क्रियेने, हा दर्शनशास्त्रातील जुना प्रश्न या समजुतीच्या मुळाशी आहे.

वैशेषिक दर्शनाच्या अनुयायांनी काळाला नऊ द्रव्यांत स्थान दिले आणि उत्पन्न होणाऱ्या सर्व वस्तूंचे ते निमित्तकारण मानले. मात्र न्याय-वैशेषिक परंपरेनेच त्याला साधारण कारण, म्हणजे यच्चयावत कार्यांना सारखेच लागू असलेले कारण, म्हटले असल्यामुळे, एका गाडीच्या सस्पेन्शनमधील रबरी बुश फाटला आणि दुसरीचा टिकला, याचा उलगडा काळावरून होत नाही. त्यासाठी असाधारण, म्हणजे त्या विशिष्ट कार्यापुरते असलेले कारण शोधावे लागते.

लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, टोकाशी बसवलेल्या या बुशमध्ये असे कारण दिसते. नैसर्गिक रबराच्या लांब रेणुसाखळ्यांत दुहेरी बंध असतात. हवेतील ऑक्सिजन या साखळ्यांत बदल घडवून रबराचा लवचीकपणा हळूहळू घालवतो, तर ओझोन ताणलेल्या पृष्ठभागावरील बंध तोडतो आणि ताणाच्या दिशेला आडव्या अशा बारीक भेगा पाडतो. गाडी उभी असली तरी तिचा भार बुशवर असतोच, त्यामुळे हे काम छपराखालीही थांबत नाही, आणि उष्णतेने त्याचा वेग वाढतो. वयाप्रमाणे धावेचा आकडाही खरे कारण सांगत नाही: सपाट महामार्गावरील 10,000 किलोमीटर आणि उखडलेल्या रस्त्यावरील 10,000 किलोमीटर मीटरवर एकाच आकड्याने उमटतात, पण शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा दांडा सीलमधून किती वेळा आणि किती जोराने खाली-वर झाला, हे त्या आकड्यात येत नाही. बॉल जॉइंटमध्ये, म्हणजे पोलादी गोळा खोबणीत फिरतो अशा सांध्यात, तर दोन्ही कारणे एकमेकांत गुंततात. वयाने त्याचा रबरी बूट, म्हणजे आवरण, फाटतो, फटीतून पाणी आणि धूळ ग्रीसमध्ये शिरते, आणि पुढे प्रत्येक वळणावर पोलादी गोळा त्या कचीवर घासला जातो.

न दिसणाऱ्या अशा झिजेचा विचार योगदर्शनातही आहे. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात वस्त्राच्या जुनेपणाविषयी सांगितले आहे की, क्षणांचा क्रम अनुभवल्यावाचून ते अखेरीस जुने होत नाही. आणि त्या भाष्यावरील टीकेत वाचस्पती मिश्रांनी कोठारात जपून ठेवलेल्या, तरीही पुष्कळ वर्षांनी हात लागताच चुरा होणाऱ्या भाताचा दाखला दिला आहे. बौद्धांचा क्षणिकवाद याहून पुढे जाऊन प्रत्येक क्षणी वस्तूच वेगळी मानतो. परंतु झिजणारा बुश तोच आहे, हे गृहीत धरल्याखेरीज त्याची झीज मोजता येत नाही, म्हणून येथे योगदर्शनाचा परिणामवाद, म्हणजे धर्मी (वस्तू) कायम राहून त्याचे धर्म (गुण, अवस्था) पालटतात हे मत, अधिक समर्पक ठरते. या मतानुसार विश्रांती म्हणजे बदलाचा अभाव नसून, नजरेत न भरणाऱ्या बदलांचा तो काळ आहे. वय आणि धाव ही दोन वेगवेगळ्या प्रकारच्या क्रियांची स्थूल मापे आहेत, आणि एकाच्या आधारे दुसऱ्याचा निर्णय करणे तर्काला धरून नाही. तेव्हा दहा-बारा वर्षे जुनी, पण फारशी न चाललेली गाडी घेणाऱ्याने मीटरवर विसंबू नये. ती वर उचलून बुश, बूट आणि सील तपासून घ्यावेत.