घडवलेली अनौपचारिकता

बाहेर जेवायला जाणे म्हणजे काही काळ शिष्टाचाराच्या स्वाधीन होणे, ही समजूत अमेरिकेतील केजन पद्धतीच्या साध्या मत्स्याहारी भोजनगृहांत जाणूनबुजून मोडलेली दिसते. तेथे टेबलावर कापडाऐवजी कागद अंथरलेला असतो आणि त्यावर तिखट मसाल्यात उकडलेल्या क्रॉफिशचा ढीग मक्याची कणसे व बटाटे यांच्यासह ठेवला जातो. क्रॉफिश म्हणजे शेवंडीशी दूरचे नाते असलेला, परंतु बोटाएवढाच, गोड्या पाण्यात वाढणारा नांग्यांचा जीव. तो हातानेच सोलावा लागत असल्यामुळे एरवी काट्याचमच्याने जेवणारी प्रौढ माणसे गळ्यात लाळेरे बांधून, मनगटापर्यंत मसाला माखून घेत खातात. ही मोकळीक पैसे मोजून विकत घेतलेली असते, आणि म्हणूनच ती कोठून आली हे तपासणे उद्बोधक ठरते.

केजन लोक हे अकेडियाच्या, म्हणजे आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील प्रदेशाच्या, फ्रेंचभाषक वसाहतवाल्यांचे वंशज; 1755 पासून ब्रिटिशांनी त्यांना तेथून हुसकावून लावले आणि पुढील दशकात त्यांच्यापैकी अनेकजण लुइझियानातील बायूंच्या, म्हणजे संथ पाणथळ प्रवाहांच्या, प्रदेशात येऊन वसले. दलदलीत जे मिळेल ते शिजवणे ही त्यांची गरज होती, हौस नव्हे. त्यांच्या गंबो या दाट कालवणात आफ्रिकेतून गुलामांबरोबर आलेली भेंडी पडते, किंवा चोक्टॉ या मूलनिवासी जमातीकडून शिकलेली ससाफ्रास झाडाच्या पानांची पूड पडते, त्यामुळे या पाककलेला एकाच समाजाची शुद्ध ठेव मानणे धाडसाचेच आहे. लुइझियानाच्या 1921 च्या संविधानाने सार्वजनिक शाळांतील शिक्षण इंग्रजीपुरते मर्यादित केले, आणि फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या; क्रॉफिश हे गरिबाचे खाणे म्हणून त्याचीही अशीच लाज वाटत असे. 1959 मध्ये मात्र त्याच राज्याच्या विधिमंडळाने ब्रो ब्रिज या गावाला क्रॉफिशची जागतिक राजधानी म्हणून गौरविले. ज्या खाण्यापायी हिणवले गेले तेच अभिमानाचे चिन्ह व्हावे, हा फेरा उपेक्षित समाजांच्या इतिहासात अपरिचित नाही.

घरच्या अंगणातील क्रॉफिशचा बेत आणि भोजनगृहातील थाळी यांतील खरे अंतर चवीचे नसून देण्याघेण्याचे आहे. अंगणात यजमान मोठ्या पातेल्यात सर्वांसाठी एकदम उकडतो आणि कोणी किती खाल्ले हे कोणी मोजत नाही. भोजनगृहात तोच जिन्नस पौंडाच्या हिशेबाने विकला जातो. क्रॉफिशच्या वजनापैकी खाण्याजोगा गर साधारण पंधरा टक्केच असतो, म्हणजे ग्राहक बहुतांशी कवचाचीच किंमत देतो. तरीही हा व्यवहार फसवणुकीचा म्हणता येत नाही, कारण एवढ्याशा गरासाठी एवढा वेळ सोलत बसावे लागल्याने हात गुंतलेले आणि तोंड मोकळे राहते, आणि गप्पांना आपोआप अवकाश मिळतो. घाईच्या जेवणात हे साधत नाही.

अस्सलपणाचा आग्रह येथे फारसा टिकत नाही. पॉल प्रुडोम या ख्यातनाम बल्लवाचार्याने 1979 मध्ये न्यू ऑर्लिन्सला भोजनगृह काढले. मसाला लावून तापलेल्या बिडाच्या तव्यावर करपवलेला त्याचा रेडफिश मासा जगभर केजन म्हणून ओळखला गेला, पण तो पारंपरिक नसून त्याची स्वतःची निर्मिती होता, आणि मागणी इतकी वाढली की मेक्सिकोच्या आखातात त्या माशाच्या व्यापारी मासेमारीवर बंधने आणावी लागली. 1975 नंतर आखाताच्या किनाऱ्यावर स्थायिक झालेल्या व्हिएतनामी निर्वासितांच्या समाजाने पुढे ह्यूस्टनसारख्या शहरांत उकडलेल्या क्रॉफिशवर लसूण घातलेले लोणी ओतण्याची रीत रूढ केली. ही भेसळ नव्हे. भेंडी ज्या वाटेने आली त्याच वाटेने हे लोणी आले.

पाककृती कोणाची, यापेक्षा जिन्नस कोणाचा, हा प्रश्न म्हणूनच अधिक गंभीर ठरतो. भिंतीवर जाळी आणि होड्यांची चित्रे टांगलेल्या भोजनगृहातील कोळंबी बऱ्याचदा आखातातील नसते. अमेरिकेत विकली जाणारी बहुतेक कोळंबी आयात केलेली असते आणि तिचा सर्वांत मोठा पुरवठादार भारत आहे, विशेषतः आंध्र प्रदेशातील तळी. तळ्यातील कोळंबी कमी प्रतीची असते असे नव्हे, परंतु आखातातील कोळंबी पकडणाऱ्यांची रोजी आयात कोळंबीच्या स्वस्त भावापुढे टिकत नाही, आणि सजावट मात्र त्यांच्याच नावावर उभी असते. लुइझियानाने 2019 मध्ये कायदा करून आयात कोळंबी व क्रॉफिश वापरणाऱ्या भोजनगृहांना तसे ग्राहकाला कळवणे बंधनकारक केले. हा कायदा योग्यच आहे, आणि तो इतर राज्यांनीही करायला हवा.