लहान अग्नीचे व्रत

बेळगावच्या जुन्या पिढीला मीटरमापी लोहमार्ग अजून आठवतो. लोंढ्याकडे निघालेले वाफेचे इंजिन शिटी देई आणि मुले हातातले टाकून धावत. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तो मार्ग रुंद झाला. वाफेची इंजिने तत्पूर्वीच मागे पडली होती. निपाणीस तर रेल्वे आलीच नाही. तरीही त्या धुराची आणि शिटीची ओढ मनातून जात नाही. हीच ओढ काही माणसांना एका विलक्षण छंदाकडे नेते. तो छंद म्हणजे खऱ्या कोळशावर चालणारी लहान इंजिने घडविणे व हाकणे.

या छंदाचे माहेर इंग्लंड. पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ साली तेथे 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक काढले. पुढे १९२० नंतरच्या दशकात 'एल. बी. एस. सी.' या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका कारागिराने सिद्ध केले की, २॥ इंच अंतराच्या रुळांवरील कोळशाचे इंजिनही जिवंत माणसाला ओढू शकते. आज ५ इंची रुळांवरील इंजिने मुलामाणसांना मागे बसवून फेऱ्या मारतात.

कोणी विचारील, हा खटाटोप कशासाठी? गाडी निघाली तेथेच परत येते. मग खेळात एवढी दक्षता का?

याचे उत्तर अग्नीनेच दिले आहे. इंजिनाची सर्व मापे दहाव्या हिश्शावर आणली, तर पृष्ठभाग शंभरावा हिस्सा उरतो. परंतु आतील पाणी व विस्तव केवळ हजारावा हिस्सा. त्यामुळे साठ्याच्या मानाने उष्णता दसपट निसटते. मोठ्या इंजिनाचा विस्तव घटकाभर दुर्लक्ष सोसतो. लहान इंजिनाचा थोड्याच मिनिटांत विझू लागतो. काचेतील पाणी उतरून अग्निपेटीचा माथा उघडा पडला, तर दाबाखालील तांबे तापून दुबळे होते, आणि मागे तर मुले बसलेली असतात! म्हणूनच नव्या बॉयलरमध्ये नेहमीच्या दुप्पट दाबाने थंड पाणी भरून त्याची कसोटी घेण्याची तिकडे रीत आहे.

आपणांस हे नवीन नाही. होळी रात्रभर आपोआप धगधगते. समईची वात मात्र वरचेवर सारावी लागते. व्यवहारात आपण नेमके उलट वागतो. उत्सवाचा हिशेब दहाजण तपासतात. दानपेटीतील चिल्लर मोजताना कोणी पाहत नाही. सभेतील शब्द आपण पाळतो, पोराला दिलेला विसरतो. मोठ्या कार्यास लोकलाज सांभाळते. लहान कार्यास आपल्यावाचून कोणी नसते. म्हणून लहानाची जबाबदारी हलकी नव्हे, उलट अधिक एकाकी होय.

एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. घरातील वृद्ध आई औषधासाठी हाक मारीत असता जो बॉयलरची काच न्याहाळीत बसतो, तो दक्ष नव्हे, केवळ आसक्त होय. छंदात मिळविलेली जागरूकता घरी परतली नाही, तर तो छंद वाया गेला.

फेऱ्या संपतात, मुले घरी जातात. हाकणारा मात्र मागे थांबतो. विस्तव काढतो, उरलेले पाणी सोडतो, राख झाडतो, सांधे पुसून तेल देतो. त्या वेळी टाळ्या वाजवावयास कोणी नसते. त्याच्या छंदाची परीक्षा तेथे होते; आपलीही अशाच वेळी होत असते.