कोण होऊन खेळलास?

पोरगं मोबाइलवर गेम खेळत बसलं की घरातलं मोठं माणूस एकच प्रश्न विचारतं. सुरतेच्या गोडादऱ्यात तो अहिराणीतून येतो: "कितला येळ व्हयना रे?" तापी व्हॅलीच्या रेल्वेने जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या कापडाच्या धंद्यात सुरतेला येत राहिली आणि लिंबायत, डिंडोली, गोडादरा या पट्ट्यात खानदेश वसला. घरात अहिराणी, रस्त्यावर गुजराती, मार्केटात हिंदी. बाप बारा तासांची पाळी करून आलेला, आईच्या पुढ्यात स्टोन चिकटवायला आणलेल्या साड्यांचा गठ्ठा. पोराच्या हातातल्या पडद्यावर कोण कुणाला का मारतंय, हे बघायला सवड कुणाला? वेळ तेवढा मोजता येतो.

सरकारचंही तेच. मार्च 2019 मध्ये राजकोट पोलिसांनी पब्जीवर बंदी घातली आणि खेळणाऱ्या तरुणांना पकडलं. सप्टेंबर 2020 मध्ये केंद्राने देशभर बंदी आणली, तेव्हा कारण होतं देशाची सुरक्षा आणि लोकांची माहिती. डोळे, झोप, अभ्यास, पैसा या सगळ्यांवर चर्चा झडली. पण गेममध्ये पोरगं ज्याच्या अंगात शिरतं त्या नायकाविषयी कुणी चकार शब्द काढला नाही. माझ्या मते खरा प्रश्न तिथे आहे. किती वेळ खेळलास, हे विचाराच. पण कोण होऊन खेळलास, हेही विचारा.

गल्लीतल्या बहुतेक पोरांचं उत्तर ठरलेलं असेल. फ्री फायर मॅक्स किंवा बीजीएमआय या पब्जीच्या भारतीय अवतारातला कुणीतरी. फ्री फायरमध्ये पात्र डायमंड नावाचं गेममधलं चलन मोजून घेता येतं. त्याला एखादं कौशल्य असतं, नाव असतं, कुठेतरी लिहून ठेवलेली पूर्वकथाही असते. खेळताना तिचा काडीचा उपयोग होत नाही. प्रत्येक डाव कोरा. मागच्या डावात कुणाला मारलं, कुणाला सोडून पळालो, याची खूण नायकावर उमटत नाही. बदलतात ते कपडे, आणि ते विकत मिळतात. फुकट मिळणाऱ्या गेमचा धंदाच या विसराळूपणावर चालतो. ज्या नायकाला आपला भूतकाळ आठवतो त्याला दर आठवड्याला नवा पोशाख चढवणं अवघड जाईल.

न बदलणारा नायक वाईटच असतो असं नाही. आपला फास्टर फेणे पुस्तकांमागून पुस्तकं शाळकरीच राहिला. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार म्हातारा झाला नाही, आणि त्याने व्हावं अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. 1985 पासूनचा सुपर मारिओ त्याच जातीचा आहे: टोपी, मिशी, उडी. पण मराठीत दुसरीही परंपरा आहे. भालचंद्र नेमाड्यांचा चांगदेव पाटील 'बिढार' (1975) ते 'झूल' (1979) अशा चार कादंबऱ्यांतून गावं बदलतो, नोकऱ्या बदलतो, आणि प्रत्येक मुक्कामाचा गाळ त्याच्यात साठत जातो. मालिका लांबली की नायकाला एकतर गोठवावं लागतं, नाहीतर त्याच्या साठलेल्या आयुष्याचा हिशेब द्यावा लागतो.

गेम बनवणाऱ्यांनी या हिशेबाला बरीच वर्षं बगल दिली. वाढ म्हणजे आकडा: लेव्हल वाढली, ताकद वाढली, बंदूक मोठी झाली. एकेकाळी सायबर कॅफेतली पोरं ज्यावर तुटून पडायची त्या जीटीए मालिकेत 2001 चा क्लॉड मुकाच होता. 2002 च्या व्हाइस सिटीत टॉमी बोलायला लागला, 2004 च्या सॅन अँड्रियासमध्ये सीजे जास्त खाल्लं तर सुटायचा आणि जिममध्ये गेला तर पिळदार व्हायचा. 2008 मध्ये निको आला तो युद्धाच्या आठवणी घेऊन. म्हणजे मालिका वयात आली, पण दर वेळी मुख्य माणूस नवा घेऊन. जुन्याचा हिशेब न देता खातं बंद.

तो हिशेब उघडपणे मांडायचं धाडस 'गॉड ऑफ वॉर' या मालिकेने केलं; तिचा नायक क्रेटोस हा ग्रीक देवांच्या जगातला योद्धा. 2005 च्या पहिल्या भागातला एक प्रसंग मुद्दाम सांगतो. मंदिराचं एक दार बळी दिल्याशिवाय उघडत नाही. पिंजऱ्यात एक सैनिक जिवंत आहे, गयावया करतोय. तो पिंजरा चढावर ढकलत नेऊन त्याला आगीच्या तोंडी द्यायचं. दुसरा रस्ताच नाही, बटण आपल्यालाच दाबायचं. 2010 च्या तिसऱ्या भागात क्रेटोस सूर्यदेव हेलिओसचं मुंडकं हातांनी उपटतो, आणि मग पुढच्या खेळात आपण ते मुंडकं अंधारात दिव्यासारखं वापरतो. तेव्हा पोरं यावर टाळ्या पिटत होती, आणि गेमलाही टाळ्याच हव्या होत्या.

मग 2018. ग्रीस मागे पडलं आहे. क्रेटोस उत्तरेच्या बर्फाळ जंगलात राहतोय, दाढी पिकली आहे, बायको नुकतीच गेली आहे. तिची रक्षा सर्वांत उंच शिखरावरून उधळायची म्हणून तो लहान मुलाला, अट्रेयसला, घेऊन निघतो. सुरुवातीलाच मुलगा पहिली शिकार करतो आणि हरणाचा जीव जाताना बघून हादरतो. बापाचा हात त्याच्या पाठीकडे जातो, अधांतरी थांबतो, मागे येतो. संवाद नाही. पण ज्याने आधीचे भाग खेळले आहेत त्याला कळतं की हा हात मायेने ठेवायचा कसा, हे त्या माणसाला ठाऊक नाही. त्याला त्या हातांनी दुसरंच काही करायची सवय आहे. ती सवय त्याला आपणच लावली होती. हा भाग दिग्दर्शित करणारे कोरी बार्लोग पहिल्या भागात अ‍ॅनिमेशनचं काम करत होते, दुसऱ्याचे दिग्दर्शक होते, आणि मधल्या काळात स्वतः बाप झाले होते.

ग्रीसमधल्या लढायांतली जुनी साखळदंडाची पाती क्रेटोसने घराच्या फरशीखाली पुरली आहेत. मुलगा आजारी पडतो, औषधासाठी गोठलेल्या मृतांच्या प्रदेशात जायचं असतं, आणि तिथे त्याची नवी बर्फाची कुऱ्हाड कुचकामी. त्याला फरशी उचकटावी लागते. पाती हातात आल्यावर बोटांना जुना वेग आठवतो, मजाही वाटते, आणि त्या मजेचीच लाज वाटते. ही लाज कादंबरी देऊ शकत नाही. चांगदेव चुकला तर आपण वाचक म्हणून हळहळतो. क्रेटोसच्या पापात आपली बोटं होती. 2022 च्या 'रॅग्नारोक' या पुढच्या भागानंतर डिसेंबर 2023 मध्ये आलेल्या 'वल्हाला' या जोडभागात ते हेलिओसचं मुंडकं पुन्हा समोर येतं आणि टोमणे मारतं. शेवटी क्रेटोस सिंहासनावर बसलेल्या तरुण क्रेटोससमोर उभा राहतो. तो स्वतःला माफ करत नाही आणि नाकारतही नाही. केलेलं सगळं आपलंच आहे हे मान्य करून पुढची जबाबदारी उचलतो.

नुसतं नायकाला दुःखी दाखवलं की तो बदलला असं होत नाही. 2003 चा अवखळ प्रिन्स ऑफ पर्शिया पुढच्याच वर्षी कर्कश, रागीट झाला तो बाजाराला राकट नायक हवा होता म्हणून. मूळ निर्माते जॉर्डन मेकनर यांनाही ते वळण रुचलं नव्हतं. 2013 च्या टूम्ब रेडरमध्ये लारा क्रॉफ्ट पहिल्या हत्येनंतर थरथरते, आणि थोड्याच वेळात आपण तिच्याकडून डझनांनी माणसं मारून घेतो. अश्रू कथेत, गोळ्या खेळात. दोघांची गाठच पडत नाही. उलट रेड डेड रिडेम्प्शन 2 (2018) मध्ये आर्थर मॉर्गन कर्जवसुलीला जाऊन एका खंगलेल्या माणसाला मारहाण करतो आणि त्याच्याकडून क्षय घेऊन येतो. त्या वसुलीचे ठोसे आपणच मारलेले असतात. पुढे त्याचा खोकला ऐकताना पळवाट उरत नाही. नायकाचं परिवर्तन खरं की खोटं, हे खेळणाऱ्याच्या हातांना त्याची झळ लागते की नाही यावरून ठरतं.

यावर कुणी म्हणेल, गोडादऱ्यात हे गेम खेळतो कोण? आक्षेप रास्त आहे. हे गेम ज्यावर चालतात तो प्लेस्टेशन 5 2021 मध्ये भारतात आला तेव्हा त्याची किंमत 49,990 रुपये होती. पोरं क्रेटोसला ओळखतात ती यूट्यूबवर, कुणीतरी हिंदीत बोलत खेळलेला खेळ बघून. बघण्यात गोष्ट कळते, डोळेही पाणावतात; पण पिंजरा दुसऱ्याने ढकललेला असतो. म्हणजे ज्या पोरांकडे पैसे आहेत त्यांना पश्चात्ताप करणारा नायक, आणि ज्यांच्याकडे नाहीत त्यांना काही न आठवणारा. ही विषमता आपल्या चर्चेत कुठेच नाही.

गेम खेळून कुणी खुनी होतो, असं मी म्हणत नाही. क्रेटोस खेळून कुणी साधू होईल, असंही नाही. पण गोष्टी माणसाला स्वतःकडे बघायची सवय लावतात हे मराठी वाचकाला सांगायची गरज नाही, आणि आज पोरांच्या वाट्याला येणाऱ्या गोष्टींचा मोठा भाग गेममधून येतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये 'राजी' आणला. भावाला सोडवायला निघालेली मुलगी आणि तिची गोष्ट सांगणारे दुर्गा व विष्णू, असा तो खेळ. असं काही आपल्याकडेही घडू शकतं. आपली मासिकं कादंबरी, नाटक, सिनेमा यांची उलटतपासणी करतात. गेम मात्र आरोग्याच्या पानावर, डोळ्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्यासोबत छापला जातो. तो तिथून काढून समीक्षेच्या पानावर आणला पाहिजे, आणि घरात पोराच्या शेजारी बसून एकदा तरी त्याचा नायक बघितला पाहिजे. मोबाइल हिसकावून घेण्याआधी एवढं करायला हरकत नाही.