मुक्या जिवाचा अंतकाळ

सज्जनहो, गेल्या माघ महिन्यात गिरणाकाठच्या एका गावी आम्ही कीर्तनसेवेस गेलो होतो. काल्याचे कीर्तन आटोपले, महाप्रसाद झाला आणि यजमानांच्या ओसरीवर आम्ही घटकाभर टेकलो. तेथे गोणपाटावर दोन कुत्रे निजलेले होते. एकाच वेतातले भाऊ, वय तेरा वर्षे. दोघांनी मिळून यजमानांची केळीची बाग राखली. आता एकाच्या जबड्यात गाठ झालेली, दुसऱ्याची मूत्रपिंडे निकामी झालेली. गुरांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगून टाकले होते, की आता बरे होणे नाही. फार तर काही आठवडे.

घरच्या माउली पुढे आल्या. साठीच्या, गळ्यात तुळशीची माळ, मुक्ताईच्या पालखीबरोबर पायी पंढरीस जाणाऱ्या. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "महाराज, एक विचारू? रागावू नका. या दोघांपायी रातरात झोप नाही. हरिपाठ म्हणताना चित्त यांच्याकडे जाते. शेजारची म्हणते, कुत्र्यात जीव गुंतवशील तर पुढचा जन्म कुत्र्याचा येईल. भरत राजाला हरणाचा जन्म आलाच ना? मग आता यांच्याकडे पाठ फिरवू का?"

प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. भरताची कथा आम्हीच शेकडो वेळा कीर्तनात सांगितली आहे. तरी आम्ही लगेच उत्तर दिले नाही, कारण या विषयात आमच्या पदरी एक जुने देणे आहे. ते आधी तुमच्यापुढे ठेवतो.

आमचे बालपण धुळ्यास पांझरेकाठी गेले. दहा-अकरा वर्षांचे असू. पाठशाळेत अमरकोशाची संथा चालली होती. घरी एक तांबूस कुत्रा होता. तो आजारी पडला. डोळ्यांतून चिकट पाणी, अंगाला झटके. वडीलधाऱ्यांनी त्याला पोत्यात घातले आणि नदीपलीकडे नेऊन सोडले. तिसऱ्या दिवशी, कसा आला पांडुरंग जाणे, तो खुरडत परत आला आणि उंबऱ्याशी पडला. आम्ही सोवळ्यात बसून पाठ म्हणत होतो. शेजारी पाण्याचा तांब्या होता. त्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही उठलो नाही. सोवळे मोडेल, मार बसेल, हे भय. दिवेलागणीला त्याचे हलणे थांबले.

अमरकोशात कुत्र्याला सात नावे दिली आहेत. ती सातही आम्हांला मुखोद्गत होती. त्या सात नावांच्या धन्याला सात थेंब पाणी मात्र आम्ही दिले नाही. त्या सातांतले एक नाव 'कौलेयक'. कुळ या शब्दापासून ते झाले. कुळातला तो कौलेयक. पाणिनीने चौथ्या अध्यायात कुत्र्याच्या अर्थी हा शब्द सिद्ध करून ठेवला आहे. म्हणजे ज्याला आम्ही पोत्यात घालून टाकून आलो, त्याला भाषा मात्र घरातला म्हणत आली. हे व्याकरण आम्हांला पोथीत कळले, उंबऱ्यावर कळले नाही.

असो. आता माउलींच्या प्रश्नाकडे वळू. भरत राजाने काय केले? राज्य सोडून गंडकीच्या तीरी तपाला बसला. सिंहाच्या गर्जनेने भ्यालेल्या हरिणीचे पाडस पाण्यात पडले, ते त्याने काढले. यात दोष कोठे आहे? भागवतातील कथा नीट वाचा. पाडस वाचविले हा दोष सांगितलेला नाही. पुढे एकेक नेम सुटला, पूजा सुटली, पाडस चरायला गेले तरी 'ते नसले तर माझे कसे होईल' ही तळमळ लागली, आणि अंतकाळी देव आठवला नाही, हा दोष. तरीही पहा, हरणाच्या जन्मात त्याला पूर्वजन्माची आठवण राहिली आणि पुढच्या जन्मी तोच जडभरत मुक्त झाला. दयेने कोणी बुडत नाही, बाबांनो. बुडतो तो विसराने.

आता दुसरी कथा घ्या. महाभारतात जनमेजयाच्या सत्राशी सरमेचा मुलगा येतो. त्याने काही चाटले नाही, काही विटाळले नाही, तरी राजाच्या भावांनी त्याला मारले. सरमा म्हणजे देवांची कुत्री. ती जाब विचारायला येते आणि राजकुळाला शाप देऊन जाते. आरंभी अशी निरपराध कुत्र्याची फिर्याद, आणि शेवटी स्वर्गाच्या वाटेवर धर्मराजाच्या मागे पुन्हा कुत्राच. द्रौपदी पडली, चारी भाऊ पडले, कुत्रा तेवढा राहिला. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, याला सोड. धर्मराज उत्तरला, की आश्रयाला आलेल्या भक्ताला माझ्या सुखासाठी मी सोडणार नाही. मग तो कुत्रा प्रत्यक्ष यमधर्म होता असे उघड झाले.

आता भरत आणि धर्मराज शेजारी बसवून पहा. दोघांचेही चित्त मुक्या प्राण्याकडे. एक अडकला, एक पार झाला. फरक एवढाच, की मोह विचारतो, 'हा गेला तर माझे काय?' आणि दया विचारते, 'याला आत्ता काय हवे?' पहिल्या प्रश्नात आपण मध्ये बसलेलो असतो, दुसऱ्यात तो जीव असतो. आणि मोहाचे सोंग दुहेरी आहे बरे! मरण बघवत नाही म्हणून आजारी कुत्र्याला रानात सोडून येणे हाही मोहच, आणि आपल्याला सोडवत नाही म्हणून त्याच्या वेदना लांबवणे हाही मोहच.

कोणी म्हणेल, कुत्र्यासाठी एवढे कशाला? २०२२ साली लम्पीची साथ आली. त्या साथीतली महाराष्ट्रातली पहिली नोंद आमच्याच जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावल गावी झाली. तेव्हा अंगभर गाठी आलेल्या बैलापाशी रात्र काढणाऱ्या शेतकऱ्याला कोणी हसले का? मग जागल्या कुत्र्याने काय घोडे मारले? आपल्या संप्रदायात तर याची साक्ष पहिल्यापासून आहे. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेवराय तुपाची वाटी घेऊन धावले. नाथमहाराजांनी रामेश्वराची कावड तहानेल्या गाढवाच्या मुखी ओतली. गीतेच्या पाचव्या अध्यायात ज्ञानी पुरुषाची समदृष्टी सांगताना ब्राह्मण, गाय आणि हत्ती यांच्या ओळीत कुत्र्याचे नाव आहे. अलीकडची गोष्ट घ्या. २०२४ साली निपाणी तालुक्यातल्या यमगर्णीचा 'महाराज' नावाचा कुत्रा दिंडीबरोबर पंढरीस गेला, गर्दीत चुकला, आणि सुमारे २५० किलोमीटर अंतर तोडून एकटा घरी परतला. गावाने त्याला हार घातला, जेवणावळ घातली. ज्याच्या येण्याचा असा सोहळा, त्याच्या जाण्याला चार अश्रू येऊ नयेत काय?

मग सेवा करायची ती कशी? देवाची सेवा जशी नेमाने, तशीच. आमच्या खानदेशातला उन्हाळा तुम्हांला ठाऊक आहे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो जीभ काढून धापा टाकून अंग निववतो. म्हणून सावली आणि गार जमीन हवी, पाणी तोंडाशी हवे. उठवत नसेल तर दोन-तीन तासांनी कूस बदलावी, नाहीतर अंगाला जखमा पडतात. जखमेवर माशी बसू देऊ नये. दुखणे कमी होण्याचे औषध डॉक्टरांकडूनच घ्यावे. घरातल्या माणसांच्या तापाच्या व अंगदुखीच्या गोळ्या देऊ नयेत; त्या कुत्र्याला विषासारख्या बाधतात. खात नसेल तर घशात कोंबू नये. आणि एक इशारा: कुत्रा एकाएकी बदलला, लाळ गळू लागली, गिळता येईना, तर जवळ जाऊ नये. पिसाळल्याचा संशय धरून डॉक्टरांना बोलवावे. चावा बसलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी लस घ्यावी. दया आंधळी असू नये.

यजमानांचा मुलगा तेथेच उभा होता. हळूच म्हणाला, "महाराज, डॉक्टर म्हणतात इंजेक्शन देऊन मोकळे करता येईल. माळकऱ्याच्या घरी हे चालेल का?" फार अवघड प्रश्न! १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात असेच एक वासरू तळमळत होते. उपाय हरले, तेव्हा गांधीजींनी डॉक्टरांकडून त्याला सुई देवविली. केवढा गदारोळ उठला, रागाची किती पत्रे आली! तरी अहिंसेला जन्म वाहिलेल्या त्या पुरुषाने, हे मी दयेनेच केले, असे लिहून सांगितले. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास बंदी करणारा आपला १९६० चा कायदा पहा. उपाशीतापाशी मरेल अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा त्यात गुन्हा आहे. आणि जिवंत ठेवणे हीच जेथे क्रूरता ठरेल, अशा जनावराचाही त्यात विचार केलेला आहे.

आम्ही त्या मुलाला म्हणालो, "बाळा, सरसकट हो किंवा नाही असे आम्ही सांगणार नाही. त्रास चुकवण्यासाठी सुई देशील तर ती हिंसा. औषधाने वेदना आवरते तोवर सेवा कर. आवरेनाशी झाली आणि डॉक्टरांनीही तसे सांगितले, तर घरच्या सर्वांनी मिळून ठरवा. आम्ही दोष देणार नाही. पण एक कर. त्या घडीला बाहेर जाऊन उभा राहू नकोस. डोके मांडीवर घे."

आणि माउलींना म्हणालो, "माय, पाठ फिरवू नका आणि हरिपाठही सोडू नका. यांच्यापाशी बसूनच म्हणा. चित्त यांच्याकडे गेले तर जाऊ द्या. तेथून नामाकडे परत आणा. भरताचे तेवढेच राहून गेले."

फाल्गुनात निरोप आला. गाठ झालेला एका पहाटे आपसूक गेला. दुसऱ्याला झटके आवरेनात, तेव्हा डॉक्टरांना घरी बोलावले. डोके मुलाच्या मांडीवर होते, माउलींचा हात पाठीवर होता. दोघांना बागेच्या बांधावर शेजारी शेजारी पुरले. शेवटी माउलींनी कळविले होते, "महाराज, रडू अजून येते, पण हरिपाठ एकही दिवस चुकला नाही."

सज्जनहो, रडू येऊ द्यावे. ज्याने तेरा वर्षे दार राखले, त्याच्यासाठी दाराशी थोडे पाणी सांडले तर काय बिघडले? धुळ्यास गेलो की आम्ही पांझरेकाठी उभे राहतो आणि ओंजळभर पाणी सोडतो. पन्नासाहून अधिक वर्षांनी दिलेले ते पाणी त्याला पोचते की नाही हे पांडुरंगच जाणे. आमच्या हातून वेळेला द्यायचे राहून गेले. तुमच्या उंबऱ्याशी कोणी मुका जीव अखेरची घटका मोजत असेल, तर हा अंक खाली ठेवा आणि आधी त्याची वाटी भरा.

॥ राम कृष्ण हरि ॥