हवं तेच ऐकू येतं तेव्हा

एखादी गोष्ट खरी असावी असं आपल्याला मनापासून वाटत असेल, तर तिचा पुरावा आपण प्रामाणिकपणे तपासू शकतो का? परग्रहवासीयांच्या शोधात विनामोबदला राबणाऱ्या स्वयंसेवकांबद्दल वाचताना मला हा प्रश्न छळतो.

'झूनिव्हर्स' या संकेतस्थळावर यूसीएलए विद्यापीठाचा असा एक प्रकल्प आहे. अमेरिकेतल्या ग्रीन बँक दुर्बिणीने टिपलेल्या रेडिओ संदेशांची चित्रं स्वयंसेवकांनी घरबसल्या बघायची आणि कुठली रेघ कशाची ते ओळखायचं. बहुतेक रेघा आपल्याच असतात: मोबाईल, उपग्रह, जीपीएस. म्हणजे परके सापडावेत म्हणून आलेला माणूस तासन्‌तास 'हेही आपलंच' अशी नोंद करत बसतो.

यात आशा मरत नाही का? मला उलट वाटतं. ज्याला सर्वात जास्त हवंय, त्यानेच सर्वात कडक तपासणी करायला हवी, कारण फसण्याचा धोका त्यालाच जास्त. समोरच्याच्या 'हं' या एका अक्षरावरून आपण प्रेम, राग, दुरावा काहीही वाचू शकतो. मग आकाशातून आलेल्या खरखरीत काय काय वाचू!

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला १९९८पासून अधूनमधून चमत्कारिक स्पंदनं मिळत होती. २०१५ साली कारण कळलं. वेळ पूर्ण व्हायच्या आत कुणीतरी मायक्रोवेव्ह ओव्हनचं दार उघडत होतं.

पण याचा अर्थ 'सगळं मायक्रोवेव्हच' असा काढणं हाही आळसच. १५ ऑगस्ट १९७७ रोजी ओहायोतल्या 'बिग इअर' दुर्बिणीने ७२ सेकंद एक जोरदार संदेश टिपला. आकाशातला एखादा स्थिर बिंदू त्या दुर्बिणीच्या टप्प्यातून सरकायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच. छापील आकडे तपासत होते जेरी एहमन. तेही स्वयंसेवक. त्यांनी त्या आकड्यांभोवती लाल पेनने गोल केला आणि समासात लिहिलं, 'वॉव!'

मला तो समास महत्त्वाचा वाटतो. 'वॉव' हा उद्गार आहे, निष्कर्ष नाही. एहमननी आनंद लपवला नाही, पण तो पुरावा म्हणून खपवलाही नाही. पुन्हा पुन्हा शोधूनही तो संदेश परत मिळाला नाही आणि प्रश्न उघडाच राहिला.

समजा, खराच संदेश आला, तर? २०२३ साली 'अ साइन इन स्पेस' या कलाप्रकल्पात मंगळाभोवती फिरणाऱ्या युरोपीय यानातून एक बनावट 'परका' संदेश पृथ्वीकडे पाठवला गेला. जगभरातले हौशी लोक कामाला लागले. वर्षभराने अमेरिकेतल्या एका बापलेकीने तो उलगडला: पाच अमिनो आम्लांच्या रचना. पण त्याचा अर्थ काय? 'आम्ही असे बनलोय'? 'तुम्हीही असेच का'? की इशारा? संकेत उलगडला, बोलणारा मात्र कळला नाही. रिकाम्या जागी जो तो आपलीच भीती किंवा आपलंच एकटेपण भरू शकतो.

म्हणून मला वाटतं, परक्याला न्याय द्यायचा तर त्याच्या तोंडी आपलं वाक्य घालायचा मोह आधी आवरावा लागतो. आणि हे फक्त परग्रहांपुरतं नाही. 'माहीत नाही' असं लिहून ती नोंद तशीच ठेवणं अवघड असतं. तरी ज्याचं म्हणणं आपल्याला अजून कळलेलं नाही, त्याला आपण निदान तेवढं तरी देणं लागतो.