'मा.' म्हणजे आहे की होता?

मराठीत एका अक्षराच्या पोटात किती अर्थ मावावेत? 'मा.' हेच घ्या. शिक्षण खात्याच्या कागदावर ते 'माध्यमिक' असते. जुन्या नाटकांच्या जाहिरातीत 'मास्टर' असते. मंगेशीचे मा. दीनानाथ कुणी 'माननीय' म्हणून वाचले तर एक वेळ चालेल. पण 'माजी दीनानाथ' म्हटले तर अख्खी संगीत रंगभूमी अंगावर धावून येईल.

खरी पंचाईत होते ती लग्नपत्रिकेत. 'मा. आमदार' म्हणजे माननीय की माजी? छापणारा जागा वाचवतो, आमदार अब्रू वाचवतो आणि वाचणाऱ्याने आपापल्या मताप्रमाणे अर्थ लावायचा. इंग्रजांनीही असाच घोळ घातला आहे. त्यांचे 'एच, ओ, एन' म्हणजे ऑनरेबल आणि ऑनररीसुद्धा. पहिल्याला मानही मिळतो, दुसऱ्याला मानच मिळतो.

मालवणी माणसाला असले गुळमुळीत सोसत नाही. आमच्या काउंटरवर एका आजोबांनी पत्रिका पुढे सरकवून विचारले, "भाऊनू, हो 'मा.' म्हणजे आसा की होतो?"

प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. मान असतो तो माणसाचा की खुर्चीचा? मी पडलो कॉमर्सवाला. मला वाटते, खुर्चीवर असताना मिळतो तो मान ओव्हरड्राफ्टमधला. खुर्ची गेल्यावर उरेल ती खरी शिल्लक.

बॅ. नाथ पै यांच्यानंतर आमच्या राजापूर मतदारसंघातून मधु दंडवते १९७१पासून पाच वेळा निवडून गेले आणि १९९१ साली पडले. त्या दिवसापासून व्याकरणाने ते माजी खासदार. पुढे २००८च्या पुनर्रचनेत तो मतदारसंघही माजी झाला. पण १९७७ साली रेल्वेमंत्री झाल्यावर दंडवत्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम घालायला घेतला. २००५ साली ते गेले. खुर्ची त्याआधीच गेली होती. गादी मात्र राहिली, आणि तीही लोकांच्या पाठीखाली!

सगळ्यांनाच काही रेल्वे खाते मिळत नाही. दर नोव्हेंबरात आमच्याकडे पेन्शनवाले हयातीचा दाखला द्यायला येतात. माजी हेडमास्तर, माजी तलाठी, माजी पोस्टमास्तर अशी रांग लागते. सरकारला हवे असते ते एवढेच, की माणूस अजून 'आसा'. बाकीचा दाखला रांग देते. एखाद्या हेडमास्तरांना पाहून केस पिकलेला बाप्या चटकन उठतो आणि म्हणतो, "गुरुजी, तुम्ही बसा." सुटलेली खुर्ची अशी परत मिळाली, तर 'मा.'चा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही.

आणि काही 'मा.' असेही येतात, की त्यांना पाहताच बाकावरची मंडळी एकदम मान खाली घालून आपापले पासबुक वाचू लागतात.