मेजरना काय विचारावं

कुठे अतिरेकी हल्ल्याची बातमी आली, की सातारा-सांगलीकडच्या गावांत टपरीवरचे सगळे एकाच माणसाकडे बघतात. पलटणीतून पेन्शनवर आलेला, हुद्दा कुठलाही असो, गावासाठी तो 'मेजर'च. "मेजर, आता काय करायला पायजे?" जाणता मेजर आधी स्वतः बघितलेलं सांगतो. काश्मिरात गाड्यांचा ताफा निघण्याआधी जवान पायी रस्ता तपासतात. कडेची माती नव्यानं उकरलीय का, काल नसलेला दगड आज कुठून आला, ते बघत जातात. त्यापुढचं विचारलं, की म्हणतो, "तेवढं आमच्या पोस्टवरून दिसत नव्हतं." मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं.

जावळीतल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे हेही लष्करातून निवृत्त होऊन पोलिसांत आलेले. २६/११ च्या रात्री हातात नुसती लाठी असताना त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी सोडली नाही. त्यांचं नाव आपल्या घराघरांत आहे, आणि ते असायलाच हवं. पण त्यानंतर महिनाभरानं, ३० डिसेंबर २००८ ला, सरकारनं दोन निवृत्त अधिकाऱ्यांची समिती नेमली, ती फारशी कुणाला आठवत नाही. माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि 'रॉ'मध्ये वरिष्ठ पदावर राहिलेले व्ही. बालचंद्रन. धोक्याचे इशारे सरकारकडे आल्यावर त्यांचं पुढे काय होत होतं, हे त्यांनी तपासलं आणि तिथला गोंधळ अहवालात स्पष्ट लिहिला. पुढचा ओंबळे गमवावा लागू नये, म्हणून हे कामही कुणीतरी करावंच लागतं.

नोकरीतला अधिकारी उघड बोलू शकत नाही. गुप्तचर खात्यातल्या निवृत्तांवरही लिहिण्याची बंधनं असतात. म्हणून जे बोलू शकतात, त्यांचं नीट ऐकावं. संध्याकाळच्या चर्चेत एखादे माजी ब्रिगेडियर बोलायला लागले, की त्यांचं वाक्य पुरतं होऊ द्यावं. आणि ऐकताना मनात निवड करत जावी: हे यांनी पाहिलंय, हे यांना वाटतंय. वाटण्यालाही किंमत आहेच, पण पाहिलेल्याचं वजन जास्त.

आज कामावर जाताना आपल्या आळीतले मेजर भेटले, तर "आता काय करायला पायजे?" याऐवजी "तुम्ही तिथं होता तेव्हा काय बघितलंत?" असं विचारून बघा. उत्तर थोडं लांबेल. त्यासाठी पुढची एसटी पकडावी लागली तरी चालेल.